वाट दाखविणारे आणि वाट राखणारे

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याच्या वाट्यास एक विलक्षण पेंच येत असतो. एखादें रम्य स्थळ त्याच्या मनांत भरतें, त्याविषयीं चार शब्द लिहावे असें त्यास वाटतें, आणि लिहिलेलें चांगलें साधलें तर वाचणाऱ्यांची पावलें त्या स्थळाकडे वळूं लागतात. लेखणीचें यश तें हेंच. परंतु ज्या एकांतानें, ज्या निर्मळ पाण्यानें व ज्या कोवळ्या गवतानें लेखक मोहित झाला होता, त्यांचा ऱ्हासहि त्याच यशापासून सुरू होतो. उलटपक्षीं त्यानें मौन धरिलें तर त्या स्थळाची वार्ता कोणासच लागत नाहीं, आणि ज्याची वार्ता कोणास नाहीं त्यावर उद्यां कुऱ्हाड पडली तर हळहळणाराहि कोणी उरत नाहीं. लिहावें तर गर्दी आणि न लिहावें तर नाश, असा हा प्रकार आहे.

हा पेंच नुसत्या तर्कानें सुटण्यासारखा नाहीं. तो प्रत्यक्ष अनुभवून, त्यांत चुकून, आणि आपली चूक आपल्याच नियतकालिकांत छापून ज्यांनीं त्याचा कांहीं उलगडा करण्याचा प्रयत्न केला, अशा एका लेखकमंडळाचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हें मंडळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचें. त्याचें नांव सिएरा क्लब, आणि त्याच्या नियतकालिकाचें नांव ‘सिएरा क्लब बुलेटिन’.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व बाजूस सिएरा नेवाडा नांवाची उंच पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिच्या कुशींत योसेमिटीचें खोरें आहे. १८६४ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें हें खोरें लोकांच्या उपभोगासाठीं राखून कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केलें. त्यानंतर चार वर्षांनीं जॉन म्यूर नांवाचा, जन्मानें स्कॉटिश असलेला, तिशीच्या उंबरठ्यावरील एक भटक्या वृत्तीचा तरुण तेथें येऊन पोंचला. १८६९ चा उन्हाळा त्यानें मेंढ्यांच्या कळपाबरोबर त्या डोंगरांत काढला. मेंढ्या राखून त्यानें पोट भरलें खरें, पण त्यांच्या दांतांनीं व खुरांनीं डोंगरमाथ्यावरील कुरणांची जी दैना झालेली त्यानें पाहिली, ती तो जन्मभर विसरला नाहीं. त्या कळपांस त्यानें टोळांची उपमा दिली. वाचकांनीं ही उपमा ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

म्यूर लिहूं लागला तो मासिकांतून. १८८९ सालीं ‘सेंचुरी’ मासिकाचा एक संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन हा त्याच्याबरोबर टुआलमीच्या कुरणांत तंबू ठोकून राहिला. मेंढ्यांनीं उजाड केलेला तो मुलूख पाहून, खोऱ्याभोंवतालचा सारा डोंगराळ प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला जावा, असें उभयतांनीं ठरविलें. म्यूरनें लेख लिहावे आणि जॉन्सननें ते छापून राजधानींत खटपट करावी, अशी कामाची वांटणी झाली. १८९० च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत दोन लेख प्रसिद्ध झाले आणि १ ऑक्टोबर रोजीं योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. हा केवळ लेखणीचा पराक्रम होता असें म्हणणें मात्र इतिहासास धरून होणार नाहीं. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचेंहि वजन त्या कायद्याच्या पारड्यांत पडलें होतें. कारण उद्यान झालें म्हणजे प्रवासी येणार आणि प्रवासी आले म्हणजे तिकिटें खपणार. निसर्गाचा भक्त आणि प्रवाशांवर चालणारा व्यापारी हे दोघे पहिल्या दिवसापासून एकाच गाडींत बसलेले होते, ही गोष्ट विसरून पुढील हकीकत नीट समजावयाची नाहीं.

२८ मे १८९२ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें सिएरा क्लबाची स्थापना झाली. म्यूर त्याचा अध्यक्ष झाला आणि १९१४ सालीं मरेपर्यंत तोच अध्यक्ष राहिला. १८९३ सालीं बुलेटिनचा पहिला अंक निघाला. पॅसिफिक किनाऱ्यावरील पर्वतप्रदेशांत संचार करणें, त्यांचा आनंद घेणें आणि ते सुगम करणें, असा मंडळाचा उद्देश नमूद करण्यांत आला होता. या तीन क्रियापदांपैकीं तिसऱ्यावर आमच्या या सर्व कथेचा भार आहे.

‘सुगम करणें’ हा हेतु त्या काळीं कोणासहि सदोष वाटला नाहीं, आणि वाटण्याचें कारणहि नव्हतें. त्या पर्वतांचे धड नकाशे नव्हते, वाटा मेंढपाळांखेरीज फारशा कोणास ठाऊक नव्हत्या. तेव्हां बुलेटिनच्या आरंभींच्या लेखकांनीं जें काम केलें तें अक्षरशः वाट दाखविण्याचें होतें. बर्कले येथील विद्यापीठांत शिकविणारा धाकटा जोसेफ लकॉन्ट हा उन्हाळ्याच्या सुटींत शिखरें चढे, कोन मोजी आणि नकाशे काढी. थिओडोर सॉलोमन्स हा पर्वताच्या मुख्य कण्याला धरून दक्षिणेकडे जाणारी वाट शोधीत हिंडला. आज जिला जॉन म्यूरचें नांव आहे त्या दीर्घ पायवाटेची कल्पना मूळ त्याची. बोल्टन ब्राउन हा चित्रकार. तो आपल्या पत्नीसह किंग्ज नदीच्या दुर्गम खोऱ्यांत शिरला आणि त्यानें आपल्या चढाईचे वृत्तांत रेखाचित्रांसह लिहिले. यांपैकीं लेखणीवर पोट भरणारे थोडे. कोणी प्राध्यापक, कोणी वकील, कोणी चित्रकार. वर्षांतील कांहीं आठवडे डोंगरांत जावें, घरीं परत आल्यावर जें पाहिलें तें जसेंच्या तसें लिहावें, आणि पुढें जाणाऱ्यानें चुकूं नये म्हणून कोणता ओढा कोठें ओलांडावा हें सांगावें, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. त्यांच्या गद्यांत आज जो एक निरोगी प्रामाणिकपणा जाणवतो त्याचें मूळ यांतच असावें.

१९०१ सालीं विल्यम कोल्बी या तरुण वकिलानें, जो मंडळाचा चिटणीस होता, एक पाऊल पुढें टाकिलें. सभासदांना नुसते लेख वाचावयास देऊन भागणार नाहीं, त्यांना प्रत्यक्ष डोंगरांत नेलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. म्यूरनें तें आनंदानें उचलून धरिलें. त्या उन्हाळ्यांत सुमारें शंभर स्त्रीपुरुष टुआलमीच्या कुरणांत जाऊन राहिले. म्यूरच्या दोन्ही मुलीहि त्यांत होत्या. पुढें ही दरसालची रीत झाली. शिधासामुग्री, चुली, भांडीं व अंथरुणें खेंचरांच्या पाठीवर लादून मोठा तांडा पर्वतांत शिरे. कांहीं वर्षीं यात्रेकरूंची संख्या दोनशेंच्या आसपास जाई. या यात्रांचीं वर्णनें बुलेटिनांत येऊं लागलीं. मेरियन रँडल या बाईंनीं १९०५ च्या सुमारास लिहिलेलें वर्णन त्यांतील उत्तमांपैकीं एक होय. याच बाई पुढें मंडळाच्या एका संचालकाच्या पत्नी झाल्या, पतिनिधनानंतर स्वतः संचालक झाल्या, आणि म्यूरच्या अखेरच्या दिवसांत अलास्काच्या प्रवासाचें त्याचें पुस्तक सिद्ध करण्यास त्यांनींच हातभार लाविला.

कोल्बीच्या मनांत केवळ करमणूक नव्हती. ज्यानें डोंगर पाहिला तो डोंगरासाठीं भांडेल, हा त्याचा हिशेब होता. या हिशेबाची परीक्षा लौकरच झाली. योसेमिटी उद्यानाच्या हद्दींतच हेच हेची नांवाचें दुसरें एक खोरें होतें. सान फ्रान्सिस्को शहरास पाणी हवें होतें आणि तें खोरें बुडवून तेथें तलाव करावा अशी शहराच्या धुरीणांची मागणी होती. १९०६ च्या भूकंपानें व आगीनें शहर बेचिराख झाल्यावर या मागणीस लोकांची सहानुभूति मिळाली. १९०८ सालीं सरकारनें परवानगीहि दिली. बुलेटिनचा संपादक विल्यम बाडे, कोल्बी, म्यूर आणि त्यांचे सहकारी यांनीं लेखांचा व पत्रकांचा वर्षाव केला. हॅरिएट मन्रो या कवयित्री मंडळाच्या यात्रेंत ते खोरें पाहून आल्या होत्या. त्यांनीं राजधानींत जाऊन त्याच्या बाजूनें साक्ष दिली. मंडळांतहि एकमत नव्हतें. वॉरन ओल्नी हा संस्थापकांपैकीं एक गृहस्थ शहराच्या बाजूचा होता. १९१० सालीं सभासदांचें मत घेण्यांत आलें, तेव्हां ५८९ जण खोरें राखावें या पक्षास आणि १६१ जण विरुद्ध पक्षास मिळाले.

या वादांत धरणाच्या पुरस्कर्त्यांनीं एक मुद्दा वारंवार मांडला, आणि तो मर्मावर बसणारा होता. हें खोरें पाहतो कोण? वर्षाकांठीं मूठभर हौशी माणसें तेथें जातात. त्यांच्या आनंदासाठीं लाखों लोकांना पाण्यावांचून ठेवावें काय? तलाव झाला म्हणजे रस्ता होईल आणि उलट जास्त लोक तेथें जातील! लेखकांपाशीं या प्रश्नाला उत्तर नव्हतें असें नाहीं. शहराला पाणी पुरविण्यास दुसऱ्याहि जागा आहेत, हें त्यांनीं पुन्हां पुन्हां दाखविलें. परंतु १९ डिसेंबर १९१३ रोजीं अध्यक्ष विल्सन यांनीं धरणाच्या कायद्यावर सही केली. म्यूर पुढच्याच वर्षीं, १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं वारला. धरण १९२३ सालीं उभें राहिलें आणि १९३४ सालीं तेथील पाणी शहरांत पोंचलें.

या पराभवापासून मंडळानें जो धडा घेतला तो असा, कीं आम्ही पुरेशीं माणसें तेथें नेलीं नाहींत. म्हणून यापुढें अधिक लिहावें, अधिक चित्रें छापावीं, अधिक लोकांस बोलवावें. १९१६ सालीं राष्ट्रीय उद्यानांसाठीं स्वतंत्र खातें निघालें. त्याचा पहिला प्रमुख स्टीफन मॅदर हा सिएरा क्लबाचाच सभासद. उद्यानांची जाहिरात झाल्यावांचून त्यांना पैसा मिळावयाचा नाहीं हें ओळखून त्यानें वर्तमानपत्रांतील एक कसलेला लेखक हाताशीं धरिला. मोटारगाड्यांना योसेमिटी खोऱ्याचा दरवाजा १९१३ सालींच उघडला होता, आणि त्यास मंडळाची संमति होती. तरुण अन्सेल अॅडम्स याचीं पहिलीं प्रसिद्ध छायाचित्रें १९२२ च्या बुलेटिनांत छापून आलीं. १९३८ सालीं निघालेला त्याचा चित्रसंग्रह राजधानींतील अधिकाऱ्यांपुढें ठेवण्यांत आला, आणि १९४० सालीं किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वांत आलें, त्यांत त्या चित्रांचा वांटा होता. म्हणजे बोलाविण्याचें हें धोरण निष्फळ झालें असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

परंतु बोलाविलेले पाहुणे खरोखरच आले, आणि अंगणाची काय अवस्था झाली हें पाहण्याची वेळ आली. उद्यान खात्यांतील प्राणिशास्त्रज्ञ लॉवेल सम्नर यानें १९३६ सालींच आपल्या अहवालांत हा प्रश्न उपस्थित केला होता, कीं रानाचा रानपणा नष्ट न होतां त्यांत किती माणसें सोडतां येतील? १९४२ सालीं याच विषयावर त्यानें बुलेटिनांत लेख लिहिला. नंतर १९४७ सालीं सम्नर आणि मंडळाचा एक संचालक रिचर्ड लेनर्ड या दोघांनीं मिळून पर्वतावरील कुरणांच्या रक्षणाविषयीं एक विस्तृत लेख बुलेटिनांतच प्रसिद्ध केला. आमच्या मतें त्या नियतकालिकाच्या सर्व इतिहासांत याहून मानाचें पान दुसरें नाहीं.

उंच पर्वतावरील कुरण म्हणजे ओलसर मातीवर गवताच्या मुळांनीं विणलेला एक गालिचाच असतो. बर्फ वितळून जमीन भिजलेली असतां त्यावरून जड जनावरें नेलीं म्हणजे खुरांनीं तो गालिचा फाटतो. फाटलेल्या जागीं पाणी वाहूं लागतें, त्याची घळ पडते, घळ खोल गेली कीं जमिनींतील ओल उतरते, आणि कुरण वाळून तेथें झाडोरा माजूं लागतो. एका उन्हाळ्यांत झालेली ही जखम भरून येण्यास पुष्कळ वर्षें लागतात. आतां हीं जनावरें कोणाचीं? मेंढपाळांना तर उद्यानांतून केव्हांच घालवून दिलें होतें. हीं जनावरें उद्यानांतील प्रवाशांचीं होतीं, आणि त्यांत सिएरा क्लबाच्या वार्षिक यात्रेचीं खेंचरेंहि होतीं. म्यूरनें ज्या खुरांस टोळांची उपमा दिली होती तीं गेलीं, आणि त्यांच्या जागीं म्यूरच्या शिष्यांचींच खुरें आलीं! मंडळाच्या एका संचालकानें मंडळाच्या पत्रांत आपल्याच यात्रांकडे बोट दाखविलें, आणि त्या वेळचा संपादक डेव्हिड ब्राउअर, जो स्वतः अशा यात्रांचा पुढारी होता, त्यानें तें छापलें.

या लेखाचा परिणाम झाला. यात्रांचे मोठे तांडे पुढें हळूहळू कमी करण्यांत आले. लहान तुकड्यांनीं, थोडीं जनावरें घेऊन किंवा पाठीवरच ओझें वाहून जाण्याची रीत वाढली. १९४९ सालीं मंडळानें रानांच्या रक्षणाचा विचार करण्यासाठीं परिषदा भरविण्यास सुरुवात केली; १९६४ सालीं झालेल्या अरण्यरक्षणाच्या कायद्यामागें जो विचार होता तो घडविण्यांत या परिषदांचाहि वांटा आहे. आणि १९५१ सालीं एक लहानशी दिसणारी पण फार मोठी गोष्ट घडली. मंडळाच्या उद्देशांतील ‘सुगम करणें’ हे शब्द काढून टाकून त्यांच्या जागीं ‘जतन करणें’ हे शब्द घालण्यांत आले. एकोणसाठ वर्षें जें ब्रीद मिरविलें तें सभासदांनीं आपल्या हातानें बदललें. ज्या अॅडम्सच्या चित्रांनीं लोकांना पर्वतांत ओढून आणिलें, त्यानेंच १९५८ सालीं योसेमिटींतील टायोगा रस्त्याच्या रुंदीकरणासाठीं टेनाया सरोवराकांठचा खडक फोडला जातांना पाहून बुलेटिनांत निषेधाचा कडक लेख लिहिला.

येथें कथा संपविली असती तर तिचें तात्पर्य सोपें झालें असतें, कीं लेखकानें मुकें राहावें हेंच बरें. पण इतिहास इतका सोयीचा नसतो. १९५६ सालीं कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यांतील एका राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दींत होऊं घातलेलें धरण या मंडळानें मोठ्या झगड्यानें रद्द करविलें. मात्र त्याच व्यवहारांत ग्लेन कॅन्यन येथें व्हावयाच्या धरणास विरोध करण्याचें त्यानें सोडून दिलें. ग्लेन कॅन्यन कोणी पाहिलें नव्हतें, त्याविषयीं कोणी फारसें लिहिलें नव्हतें. म्हणून त्याची बाजू घेण्यास कोणी उठलें नाहीं. १९६३ सालीं धरणाचे दरवाजे बंद होऊन पाणी चढूं लागलें. त्याच वर्षीं ब्राउअरनें ज्या चित्रग्रंथाचें प्रकाशन केलें, त्याचें नांवच ‘कोणास ठाऊक नसलेली जागा’ अशा अर्थाचें आहे. तो ग्रंथ म्हणजे उशिरां लिहिलेलें प्रवासवर्णन होय. तें आधीं लिहिलें गेलें असतें तर काय झालें असतें, ही खंत ब्राउअरला जन्मभर राहिली.

आणखी एका ठिकाणीं या लेखकांचें मौन त्यांस भोंवलें, आणि तेंहि सांगितलें पाहिजे. योसेमिटीचें खोरें निर्जन नव्हतें. तेथें अहवानीची लोकांची वस्ती होती. १८५१ सालीं शस्त्रधारी तुकडीनें खोऱ्यांत शिरून त्यांना हांकून दिलें. प्रवासी ज्या मोकळ्या, उद्यानासारख्या दिसणाऱ्या तळभूमीवर मोहित होत, ती त्या लोकांनीं वेळोवेळीं गवत जाळून मोकळी राखलेली होती. परंतु मंडळाच्या आरंभींच्या लेखकांना तें सर्व अस्पृष्ट निसर्गाचें काम वाटलें, आणि खुद्द म्यूरच्या लिखाणांत मूळच्या रहिवाशांविषयीं तुच्छतेचे उद्गार आहेत. २०२० सालीं सिएरा क्लबाच्या तत्कालीन प्रमुखानें ही गोष्ट उघडपणें कबूल करून मंडळाच्या वतीनें दिलगिरी दर्शविली. जागेचें वर्णन करतांना त्या जागेंतील माणसें वगळलीं, तर वर्णन कितीहि सुंदर असलें तरी तें खोटें ठरतें. ही चूक दुरुस्त होण्यास खुरांच्या चुकीपेक्षां कितीतरी अधिक काळ लागला.

१९७७ सालीं बुलेटिनचें नांव बदलून ‘सिएरा’ असें झालें. योसेमिटीस येणाऱ्यांची संख्या १९५४ सालीं प्रथम दहा लाखांवर गेली होती. २०१६ सालीं ती पन्नास लाखांवर गेली. २०२० नंतरच्या कांहीं हंगामांत तर आगाऊ नोंदणीवांचून मोटारींना आंत सोडण्यांत आलें नाहीं. तेव्हां आरंभीं सांगितलेला पेंच या लेखकांनीं सोडविला, असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण तो कसा सोसावा हें त्यांनीं दाखविलें. वाट दाखविणाऱ्यानेंच ती राखलीहि पाहिजे. आपल्या लेखामुळें जें घडलें तें पाहण्यासाठीं त्यानें त्याच कुरणांत पुन्हां गेलें पाहिजे, आणि जें दिसेल तें, तें आपल्या विरुद्ध असलें तरी, पहिल्या वर्णनाइतक्याच निष्ठेनें लिहिलें पाहिजे. पहिला लेख लिहिण्यास सौंदर्यदृष्टि पुरते. दुसरा लिहिण्यास चारित्र्य लागतें.

हा विषय आम्हांस परका वाटूं नये. सह्याद्रीच्या किल्ल्यांविषयीं आणि घांटवाटांविषयीं मराठींत आवडीनें लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि ती आम्हांस भूषणावह आहे. साताऱ्याजवळचें कास पठार २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें. तेथील फुलांचीं वर्णनें व चित्रें घरोघर पोंचलीं, आणि थोड्याच वर्षांत त्या फुलांना माणसांच्या पायांपासून वांचविण्यासाठीं कुंपण, शुल्क व प्रवेशाची मर्यादा यांचा विचार करावा लागला. त्या फुलांवर पुढील लेख लिहिणाऱ्यानें तो अवश्य लिहावा. मात्र आपण तेथें कसे गेलों, पाय कोठें ठेविला, आणि त्या पठाराच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक काय म्हणतात, एवढें त्यांत असावें. लेनर्ड व सम्नर यांनीं आपलींच खेंचरें मोजलीं. आम्हांस आपल्या गाड्या मोजण्यास हरकत नसावी.